वास्तू एकाची, इतिहास दुसऱ्याचा



वसंतातील या व्याख्यानांना आपण दिवसभराची कामे उरकून, उन्हाचा ताप ओसरल्यावर येता. याच दिवसांत मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि घराघरांत एकच बेत शिजत असतो : यंदा कोठे जावयाचे? कोणी प्रतापगडाचे नाव काढतो, कोणी सज्जनगडाचे, कोणी सांगलीच्या गणपतीचे. गाडी ठरते, दशम्या बांधल्या जातात, आणि एका दिवसात पाचसहा ठिकाणे 'करून' मंडळी रात्री घरी परततात. हे 'करणे' क्रियापद आपण तीर्थयात्रेवरून उचलले आहे. काशी केली, रामेश्वर केले, तसाच अजिंक्यतारा केला. तीर्थाच्या ठिकाणी ते शोभते, कारण तेथे नुसत्या दर्शनाने पुण्य लाभते अशी श्रद्धा आहे. इतिहासाच्या ठिकाणी मात्र नुसत्या दर्शनाने काही लाभत नाही. तेथे विचारपूस करावी लागते.

हे शहाणपण आम्हांला पुस्तकातून आले नाही. एका लहान मुलाने ते शिकविले. काही वर्षांपूर्वी आम्ही पाचसहा मंडळी अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. सोबत आमच्यांतील एकाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. दरवाज्यातून आत शिरताच त्याने विचारले, "हा किल्ला कोणाचा?" प्रश्न साधा होता, पण आमच्यांतील तिघांनी तीन उत्तरे दिली. एकजण म्हणाले, शिवाजी महाराजांचा. दुसरे म्हणाले, शाहू महाराजांचा. तिसऱ्यांचे थोडे अधिक वाचन होते. ते म्हणाले, शिलाहार राजा भोजाचा. मुलगा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे नक्की कोणाचा?"

त्या दिवशी आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. त्यानंतर सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत ज्या ज्या ऐतिहासिक स्थळी जाण्याचा योग आला, त्या त्या स्थळाला आम्ही तोच प्रश्न विचारीत गेलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा करावयास हवा. सातारा आणि सांगली हे जिल्हे आज वेगळे असले, तरी आपण ज्या घटनांविषयी बोलणार आहोत त्यांतील बऱ्याच घटना घडल्या तेव्हा ते वेगळे नव्हते. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ साली उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. सांगली, मिरज, औंध ही तेव्हा संस्थाने होती आणि त्यांचे मुलूख इंग्रजी मुलखात तुकड्यातुकड्यांनी मिसळलेले होते. या सर्वांना धरून ठेवणारी होती ती एक कृष्णा. महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड असे करीत ती सांगलीला येते. आपणही तिच्याच काठाने खाली उतरू.

अजिंक्यताऱ्यापासूनच सुरुवात करू. हा किल्ला बांधण्याचे श्रेय परंपरा शिलाहार राजा दुसरा भोज याला देते. पुढे तो बहामनी व नंतर आदिलशाही सत्तेखाली गेला. विजापूरच्या दरबारी तंट्यात १५८० साली चाँदबिबीला येथेच कैदेत ठेवले होते. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो जिंकला, आणि पुढे आजारपणात त्यांचा येथे मुक्कामही घडला. म्हणजे मुलाला मिळालेली तिन्ही उत्तरे बरोबर होती आणि तिन्ही अपुरी होती.

या किल्ल्याची खरी कसोटी लागली ती १६९९ च्या डिसेंबरात. ऐंशी वर्षे ओलांडलेला औरंगजेब स्वतः फौजेनिशी पायथ्याशी येऊन बसला. त्याची छावणी करंज्याला होती. तटावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले, की आज शहरात मिसळून गेलेले करंजे दिसते. हिंदुस्थानच्या बादशहाची छावणी आणि मूठभर मावळ्यांचा तट यांच्यात केवढे थोडे अंतर होते, हे ग्रंथ वाचून कळत नाही. तेथे उभे राहिल्यावर कळते. किल्ला प्रयागजी प्रभूंच्या हाती होता. वेढा सुमारे साडेचार महिने चालला. वेढा चालू असतानाच, २ मार्च १७०० रोजी, राजाराम महाराज सिंहगडावर वारले. राजा गेला तरी किल्ला लढत राहिला. एप्रिलात मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिला उडाला तो आत, आणि मराठ्यांची माणसे दगडांखाली सापडली. खुद्द प्रयागजी गाडले गेले व जिवंत वर काढले गेले, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. दुसरा सुरुंग उलटून मोगलांवरच कोसळला. त्यात दोन हजारांवर माणसे मेली, असा त्याचाच आकडा आहे. अखेर २१ एप्रिल रोजी किल्ला मोगलांच्या हवाली झाला आणि शहाजादा आजम याच्या नावावरून त्याचे 'आजमतारा' असे नामकरण झाले.

आता या हकिगतीतील माणसे मोजा. बादशहाचे नाव राहिले, शहाजाद्याचे राहिले, किल्लेदाराचेही राहिले. परंतु ज्यांनी सुरुंग खणले ते, ज्यांच्यावर दरड कोसळली ते, आणि धान्य संपत आले तरी तटावर उभे राहिलेले शिबंदीचे लोक, यांतील कोणाचे नाव आपण सांगू शकतो? किल्ला कोणाचा, असे विचारणाऱ्या मुलाला आम्ही आज उत्तर देऊ ते असे : ज्याने बांधला त्याचा खरा, पण १७०० सालच्या त्या साडेचार महिन्यांपुरता तो या बिननावाच्या लोकांचा.

पुढे मराठ्यांनी किल्ला परत घेतला. १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले होते. अठरा वर्षांनी, १७०७ साली, ते सुटले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी त्यांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ज्या गडावर आठ वर्षांपूर्वी बादशहाने आपल्या मुलाचे नाव कोरले, त्याच गडाखाली बादशहाच्या कैद्याने राजधानी वसविली. आज आपण ज्या पेठांतून भाजी आणतो त्या पेठांचा आरंभ तो.

सातारा सोडून पूर्वेकडे पाचएक किलोमीटरवर माहुली. येथे वेण्णा कृष्णेला मिळते. घाट सुंदर आहेत, देवळांवरील कोरीव काम पाहण्यासारखे आहे, आणि पाहुणा आला, की त्याला पहिल्याने दाखविण्यात येते ती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी. त्याने महाराजांना वाघापासून वाचविले, अशी कथा आहे. आमचा या मुक्या जीवाशी काही तंटा नाही. इमानाचे स्मरण ठेवणारा धनी थोर, असेच आम्ही म्हणू. परंतु याच माहुलीच्या परिसरात आणखी दोन समाध्या आहेत : महाराणी येसूबाईंची आणि महाराणी ताराबाईंची.

येसूबाई म्हणजे संभाजी महाराजांच्या पत्नी. रायगड पडल्यावर त्या लहानग्या शाहूंसह कैदेत गेल्या. मुलगा १७०७ मध्ये सुटला, पण त्या मागे ओलीस राहिल्या, आणि दिल्लीहून परत आल्या त्या १७१९ मध्ये. तीस वर्षांचा तो बंदिवास होता. ताराबाईंनी पती गेल्यावर सात वर्षे औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. पुढे त्यांनी शाहूंशी वैर केले, कैद भोगली आणि पानिपताची बातमीही ऐकली. त्या १७६१ च्या डिसेंबरात वारल्या. या दोन स्त्रिया नसत्या तर सातारची गादी राहती की नाही याची शंका आहे. असे असून, कुत्र्याच्या समाधीची वाट लहान मुलालाही ठाऊक, आणि या दोघींच्या समाध्यांची वाट विचारणारा परवापरवापर्यंत विरळा. स्थानिक अभ्यासू तरुणांनी अलीकडे शोध घेतला, कागद ताडून पाहिले, झाडोरा काढला, म्हणून आज त्यांविषयी बोलणे तरी होते. नदीकाठी उभे राहून आम्हांला वाटले ते सांगतो. विस्मरण हे कोणी कट करून घडवीत नाही. आपण रोज तीच गोष्ट सांगत राहतो आणि दुसरी सांगत नाही, एवढे त्याला पुरते.

याच माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरविणारा तो न्यायाधीश. दरबार पुण्याचा, पण ते धैर्य घडले ते या घाटाच्या गावात, हेही येथे आलेल्याने ध्यानात घ्यावे.

आता पुन्हा शहरात, जुन्या राजवाड्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत हा वाडा उभा राहिला. पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ मध्ये, इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. त्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने येथेच कागदपत्रे जमवून मराठ्यांचा इतिहास लिहावयास घेतला आणि १८२६ मध्ये तो प्रसिद्ध केला. म्हणजे आपला इतिहास लिहिणारा पहिला मोठा इंग्रजी ग्रंथ एका अर्थी सातारकर आहे. प्रतापसिंह कर्तबगार होते. त्यांनी शहराला पाणी आणले, रस्ते बांधले, शिक्षणात लक्ष घातले. परंतु इंग्रजांना नामधारी राजा हवा होता आणि प्रतापसिंहांना राज्य करावयाचे होते. १८३९ च्या सप्टेंबरात कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले व काशीस पाठविले. तेथेच १८४७ मध्ये ते वारले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे त्या परक्या शहरात अर्जविनंत्या, सभा, पत्रके करीत राहिले. न्याय मिळाला नाही. प्रतापसिंहांचे बंधू शहाजी १८४८ साली वारले तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. त्या धोरणाखाली गिळले गेलेले पहिले राज्य साताऱ्याचे.

या अन्यायाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न १८५७ साली साताऱ्यात झाला आणि तो फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली : पाचांना फाशी, सहांना तोफेच्या तोंडी, सहांना बंदुकीच्या गोळ्या. आज गेंडामाळाच्या आसपास वस्ती आहे, रिक्षा धावतात, मुले खेळतात. किल्ल्याच्या अंगाला 'चार भिंती' नावाचे स्मारक आहे. तेथे सातारकर संध्याकाळी हवा खावयास जातात. जावे, अवश्य जावे. पण खाली शहराकडे पाहताना गेंडामाळ कोणत्या बाजूस आहे हे एकदा मुलांना बोटाने दाखवावे, एवढीच विनंती आहे.

आणि आता या राजवाड्याची दुसरी गोष्ट. राज्य गेले, वाड्यात शाळा आली. आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. त्या शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात १९१४ या क्रमांकावर एक नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली. त्याचे वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यास राहिले होते. आई भीमाबाई १८९६ मध्ये येथेच वारली. तिची समाधी साताऱ्यात आहे. त्या तारखेचे महत्त्व ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळावयास आरंभ केला.

आम्हांला या ठिकाणी आपल्या सिद्धान्ताचा भक्कम पुरावा सापडला. राजवाडा बांधला राजाने. तो राजा राज्य वाचवू शकला नाही. पुढे त्याच वाड्यात एक महाराचा मुलगा पाटीपेन्सिल घेऊन आला, आणि त्याने पन्नास वर्षांनी साऱ्या देशाची घटना लिहून काढण्याचे काम तडीस नेले. छत्रपतींच्या वाड्यात घडलेली सर्वांत दूरगामी घटना कोणती, असे कोणी विचारले तर दरबार, दसरा, नजराणे यांच्याऐवजी आम्ही त्या पुस्तकातील एका ओळीकडे बोट दाखवू. प्रतापसिंहांचेही नाव त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. शाळेला त्यांचे नाव लाभले हे त्यांचे भाग्य म्हणावयाचे.

येथून पुढचे स्थळ असे आहे, की तेथे वास्तूच नाही. साताऱ्याहून आगगाडीने कऱ्हाडकडे जाताना मसूर नावाचे स्टेशन लागते. १९०१ सालच्या उन्हाळ्यात नऊ वर्षांचा भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि त्यांच्या दिवंगत बहिणीची मुले या स्टेशनवर उतरली. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर कॅशियर होते. त्यांनी सुटीत बोलाविले होते. नवे कपडे, जरीच्या टोप्या, मनात हौस. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे घ्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी प्रेमाने चौकशी केली, पण मुलांनी जात सांगताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवान भाडे घ्यावयास तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकावी, तो पायी चालेल. डब्यात अन्न होते, पण रात्रभर त्यांना कोणी पिण्यास पाणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुले तहानलेली गोरेगावास पोहोचली. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे आणि आपल्या जीवनात तिला फार महत्त्वाचे स्थान असल्याचे सांगितले आहे.

मसूर ते गोरेगाव हा रस्ता आपल्यापैकी अनेकांनी मोटारीने ओलांडला असेल. वाटेत शेते आहेत, उसाच्या गाड्या आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत. तट नाही, बुरूज नाही, दगड नाही. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाला वळण देणारी एक रात्र याच रस्त्यावर उलटली. सहलीच्या यादीत हा रस्ता घालावा, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही मित्र कुरकुरतात. तेथे पाहावयाचे काय, असे विचारतात. आम्ही म्हणतो, पाहावयाचे काही नाही, म्हणूनच जावयाचे. विजयाच्या स्थळी जाण्यास छाती लागत नाही. ज्या स्थळी आपल्याच पूर्वजांनी मुलांना पाणी नाकारले, तेथे जाऊन चार क्षण मुकाट्याने उभे राहण्यास ती लागते.

मसूरच्या पुढे कऱ्हाड. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. १९१३ मध्ये देवराष्ट्रे येथे एका सामान्य कुटुंबात जन्मलेला हा मुलगा महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आणि कऱ्हाड सातारा जिल्ह्यात. जिल्ह्याची शीव माणसाच्या चरित्राला किती अपुरी पडते याचे हे उदाहरण.

कऱ्हाडहून आणखी दक्षिणेस शेणोली स्टेशन लागते. १९४२ च्या 'छोडो भारत' चळवळीत या भागाने फार सोसले. सप्टेंबरात ठिकठिकाणी कचेऱ्यांवर मोर्चे गेले. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला गोळीबार झाला. वडूजला नऊ जण धारातीर्थी पडले. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली, आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली 'प्रतिसरकार' उभे राहिले. त्यांची तुफान सेना कुंडलच्या परिसरातील. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. औंधच्या राजाने १९३९ मध्येच आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, आणि इंग्रजी पोलिसांचा हात तेथे सहजी पोहोचत नव्हता. शेतकऱ्यांच्या धाडसाला भूगोलाची ही अशी साथ मिळाली.

७ जून १९४३ रोजी या पोरांनी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडविली. रुळांवर पुढे दगड रचले, मागेही रचले. हाती मुख्यतः काठ्या, विळे आणि थोडे घरगुती बॉम्ब. सुमारे १९ हजार रुपये हाती लागले ते चळवळीच्या कामी गेले. मोहिमेचे पुढारी जी. डी. बापू लाड तेव्हा विशीतले. आता तेथे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा रुळांच्या कडेला शेळ्या चरत होत्या, आणि एक गाडी शिट्टी देऊन निघून गेली. रूळ इंग्रजांच्या राज्यात पडले. त्यांवर घडला तो इतिहास कुणबी-माळ्यांच्या मुलांचा. त्यांतील अनेकांनी पुढे काही मागितले नाही. पुष्कळजण शेतावर परतले आणि शेतावरच म्हातारे झाले.

अखेर आपण सांगलीस पोहोचलो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णाकाठच्या या लहान गावाला राजधानीचे रूप दिले. गणेशदुर्ग बांधला, भोवती खंदक काढला, नदीकाठी गणपतीचे देऊळ उभारावयास घेतले. आज सांगलीस येणारा पाहुणा गणपतीचे दर्शन घेतो आणि राजवाड्याच्या चौकातून बाजारात जातो. त्या आवारातील दोन घटना त्याला माहीत असाव्यात.

पहिली १८४३ ची. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ पाहून, असे काही मराठीत व्हावे अशी इच्छा चिंतामणरावांना झाली. पदरच्या विष्णुदास भावे या तरुणाला त्यांनी ते काम सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग सांगलीत झाला. मराठी रंगभूमीचा तो जन्मदिवस आपण आजही पाळतो. आश्रय राजाचा होता, हे मान्यच केले पाहिजे. पण १८५१ मध्ये राजाश्रय संपल्यावर भाव्यांनी हातपाय गाळले नाहीत. ते मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, मुंबईस गेले, आणि तिकीट काढून नाटक पाहणारा प्रेक्षक त्यांनी घडविला. रंगभूमी टिकली ती त्या पायपिटीमुळे. आज आपण देवल, खाडिलकरांचे नाव घेतो. त्यांचीही ही भूमी.

दुसरी घटना बरोबर शंभर वर्षांनंतरची. गणेशदुर्गाच्या आवारात संस्थानचा तुरुंग होता. वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी तेथे कैदेत होते. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून घेतल्या आणि तटावरून खाली उड्या घेतल्या. पावसाळ्याचे दिवस, कृष्णेला पूर. मागून गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे तरुण प्राणास मुकले. वसंतदादांना गोळी लागली व ते पकडले गेले. पुढे ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. पत्रावळे आणि जाधव यांना पुढचे आयुष्यच मिळाले नाही. तो तट आणि नदी यांमधले अंतर आम्ही एका जुलैच्या सकाळी पायी चालून पाहिले. निवांतपणे चालावयास फार वेळ लागत नाही. पाठीमागे बंदुका असताना ते केवढे लांब झाले असेल याची कल्पना मात्र चालल्यावरच येते.

राजाने तट बांधला तो शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी. शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच तट आपल्याच मुलांना आत ठेवण्याच्या कामी आला, आणि त्या मुलांनी तो ओलांडला. गणेशदुर्ग कोणाचा, असे त्या लहान मुलाने विचारले तर सांगावे : बांधला पटवर्धनांनी, त्यावरून उडी मारणाऱ्यांनीही त्यावर आपला हक्क लिहिला.

सभ्य गृहस्थहो व भगिनींनो, आम्ही राजांचा मान कमी करावयास निघालो आहोत असा गैरसमज कृपा करून करून घेऊ नका. भोजाने किल्ला बांधला नसता तर वेढा लढविता आला नसता, प्रतापसिंहांनी वाडा बांधला नसता तर शाळा तेथे भरली नसती, चिंतामणरावांनी भाव्यांना बोलाविले नसते तर 'सीतास्वयंवर' झाले नसते. बांधणाराचे ऋण आहेच. आमचे म्हणणे एवढेच, की दारावरची पाटी वाचून परत फिरू नये. प्रत्येक स्थळी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी बांधले? येथे कोण राहिले, झगडले, कैद झाले? आणि येथे कोणाला येऊ दिले नव्हते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर मिळते. दुसऱ्यासाठी पुस्तक उघडावे लागते. तिसऱ्यासाठी बहुधा गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे लागते, आणि पुष्कळदा मान खाली घालून ऐकावे लागते.

हे इतके का करावयाचे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर त्या मुलापाशीच येते. "हा किल्ला कोणाचा?" या प्रश्नाला आपण नेहमी कोणा राजाचे नाव सांगत गेलो, तर सामान्य घरातल्या मुलाची समजूत होईल, की इतिहास ही दुसऱ्यांची इस्टेट आहे आणि आपण तेथे फक्त पाहुणे. ज्याचा पणजा शिबंदीत होता, ज्याचा आजा वडूजच्या मोर्चात होता, ज्याच्या आजीने भूमिगतांना भाकरी पोचविली, त्यानेही असेच समजावे काय?

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मागे एकदा भेटला तेव्हा आम्ही त्याला त्या दिवसाची आठवण दिली आणि इतक्या वर्षांनी सुचलेले उत्तर ऐकविले. तो हसला आणि म्हणाला, "मग आपल्या गावच्या शिवारातला तो पडका बुरूज, तो कोणाचा?" आम्हांला ठाऊक नव्हते. यंदाच्या सुटीत आधी तेथेच जाण्याचे ठरले आहे.